रेंज जिन्याच्या वळणापर्यंत

वीरेश इचलकरंजीत यंत्रमागांचा फिटर होता. टेम्पोतून यंत्राचे भाग उतरवताना तो खाली पडला आणि कमरेखालचं अंगच गेलं. तेव्हापासून उचगावच्या घरात, वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत तो पडून असायचा. त्याला सारखं कुशीवर वळवावं लागे. ते करायला बायको शिवलीलाशिवाय दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळं बाहेरची नोकरी तिला जमणारी नव्हती.

लग्नानंतर शाहूपुरीतल्या एका क्लासात तिनं मेडिकल ट्रान्सक्रिप्शन शिकून घेतलं होतं, ते आता कामी आलं. अमेरिकेतले डॉक्टर रोग्यांविषयी जे बोलून ठेवत, ते नेटवरून उतरवून घ्यायचं, ऐकून टाइप करायचं आणि ठरल्या वेळेत पुण्याच्या कंपनीला पाठवायचं. माहेरहून आलेला जुना कॉम्प्युटर तिनं वीरेशच्या उशाशी मांडला.

पण घरात फोन एकच, खाली राहणाऱ्या थोरल्या दिरांचा, महालिंगांचा. त्यांची गुळाची अडत. नेट सुरू असलं की फोन एंगेज लागायचा, आणि खाली कुणी रिसीव्हर उचलला की वरचं नेट तुटायचं. मग अर्धी आलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून.

"शिवलीला, सौद्याच्या वक्ताला व्यापाऱ्यांचे फोन लागत न्हाईत बघ," महालिंग जिन्यातून ओरडत. "मी धंदा कसा करायचा?"

"अण्णा, एवढी एक फाइल जाऊ द्या की."

"कालबी तेच म्हणालीस."

त्यांचं चुकत नव्हतं, हे तिला कळत होतं. त्यामुळं भांडताही येईना.

पुढं गावात ब्रॉडबँड आलं आणि महालिंगांनी स्वतःहून ते घेतलं. आता फोन आणि नेट दोन्ही एका वेळी चालणार होतं. वायफायचा डबा खाली सोप्यात, पुढच्या खोलीत बसला. त्या दिवशी शिवलीलानं घरभर शिरा वाटला. पण स्लॅबमधून रेंज वर चढेना. ती यायची जिन्याच्या वळणापर्यंत, मागच्या खोलीत काहीच नाही.

तिनं टेबल, कॉम्प्युटर सगळं जिन्याच्या वळणावर आणलं. काम झपाट्यानं होऊ लागलं. एका दुपारी फाइल संपवून तिनं कानावरचे हेडफोन काढले, तर खोलीतून घोगरा, बसलेला आवाज येत होता. ती धावली. वीरेश ओल्या अंथरुणात पडला होता. हाका मारून मारून त्याचा घसा सुकला होता.

"ऐकू आलं न्हाय व्हय?" एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी टेबल परत खोलीत गेलं. खिडकीतून, बाहेरच्या भिंतीवरून तिनं खालच्या डब्याची वायर वर ओढून घेतली. काही महिने नेट नीट चाललं. मग रस्त्याचं खोदकाम निघालं आणि गल्लीतले सगळेच फोन बंद पडले.

"वैनी, केबलच तुटलीया," लाइनमन बाळासो म्हणाला. "नवी टाकल्याबिगर काय व्हत न्हाय."

"कधी टाकणार?"

"माज्या हातात काय हाय? वर कळवलंय."

जावेला वर बसवून ती फाट्यावरच्या नेट कॅफेत पळायची. तिथं वीज नसायची, नाहीतर सगळ्या खुर्च्या भरलेल्या. शेवटी तिच्या मोबाईलवर पुण्याहून फोन आला. "मॅडम, काम चांगलं आहे तुमचं, पण वेळेत येत नाही. आम्हालाही पुढं उत्तर द्यावं लागतं." ते काम थांबलं ते थांबलंच. गल्लीतली लाइन जोडली गेली, तोवर तिच्या फाइली दुसऱ्या कुणाकडं गेल्या होत्या. इतर कंपन्याही पहिल्यांदा एकच विचारायच्या, नेट खात्रीचं आहे का? तिला हो म्हणवेना.

तिनं कोल्हापुरात एका दवाखान्यात केसपेपर काढायची नोकरी धरली. "जा तू, मी हाय की हितं," वीरेश म्हणाला. दुपारी जाऊ एकदा वर येऊन जेवण द्यायची, पण त्याला वळवणं तिला एकटीला झेपत नव्हतं. त्याच्या पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या. पुढच्या थंडीत तो गेला.

दिवस उरकल्यावर महालिंग वर आले. दारातच उभे राहिले.

"वर एक वेगळा डबा बसवूया का? आमचा पोरगा म्हणतोय, आता वायरीबिगर वरबी रेंज येतीया. घरातनं काम करशील."

"नको अण्णा," शिवलीला म्हणाली. "घरात बसून आता काय करू?"

सकाळी जेवणाचा डबा भरून ती कोल्हापूरची बस धरायला गेली.