बिनघोड्याचा वीर

होळीला पंधरवडा उरला असताना आत्याचा फोन आला. आत्या फोनवर "कशी आहेस" वगैरे विचारत नाही. बोलते आहेस म्हणजे बरीच असशील, असा तिचा हिशोब. "यंदा त्यांना वीरांत काढायचं," ती म्हणाली. "तू नगरहून टाक घेऊन ये. चांदी नीट बघून घे, तुला कुनीबी गंडवतंय." आणि फोन बंद.

"त्यांना" म्हणजे तिच्या वडिलांना. माझे आजोबा आणि ते सख्खे भाऊ, ते थोरले. जर्मनच्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, ते पायदळात होते आणि इटलीत कुठेतरी पडले. कुठे, कसे, शेवटी जवळ कोण होतं, हे आमच्या घरात कोणालाही कधी कळलं नाही. तार आली तेव्हा आत्या आईच्या पोटात होती.

आमचं गाव राजूरच्या अलीकडे, प्रवरेच्या काठावर. आमच्याकडे धुळवडीला वीर निघतात. घराण्यातला कोणी लढाईत गेला की चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्ती उठवून घेतात. बोटाच्या दोन पेरांएवढा हा टाक देव्हाऱ्यात बसतो आणि त्याची रोज पूजा होते. धुळवडीला त्याला खोबऱ्याच्या वाटीत ठेवून, लाल फडक्यात बांधून, हलगीच्या तालावर नदीवर अंघोळीला नेतात. आमच्या देव्हाऱ्यात असे तीन वीर आहेत. ते कोणत्या लढाईत पडले हे सांगणारं आता कोणी नाही, पण वर्षातून एकदा त्यांची अंघोळ चुकत नाही. घरच्या जिवंत माणसांचीही इतकी बडदास्त आम्ही ठेवत नाही.

आत्याचे वडील मात्र त्यांच्यात नव्हते, कारण आत्याची आई. तार वाचून दाखवणाऱ्या मास्तरांना तिने विचारलं म्हणे, "तुमी पाह्यलं का?" मास्तर म्हणाले, नाही. "मग तार धाडनाऱ्यानं पाह्यलं का?" ते मास्तरांना काय ठाऊक! "मग कशाला उगं अभद्र बोलता," म्हणून ती चुलीकडे वळली. तिने कुंकू पुसलं नाही, बांगड्या फोडल्या नाहीत. गावाने आधी नाकं मुरडली, मग गावाला सवय झाली. माझ्या आजोबांनी एकदा टाकाचा विषय काढला, तेव्हा तिने पुढ्यातलं ताट सरकवलं आणि उठून गेली. टाक मेलेल्या माणसाचा करतात. तो करायचा म्हणजे नवरा मेला हे कबूल करायचं, आणि ते तिच्याकडून वदवून घ्यायची कोणाची टाप नव्हती.

रोज दिवेलागणीला ती ओट्यावर पाण्याचा तांब्या भरून ठेवायची. लांबून चालत आलेल्या माणसाला आधी पाय धुवायला पाणी लागतं. लष्करातलं तिला एकच कळत होतं, पायदळ म्हणजे पायी चालणारे. रजा संपवून ते निघाले तेही बारीचा घाट ओलांडून घोटीच्या स्टेशनापर्यंत पायीच. "पायी गेलेत, पायी येतील. वाट लांबची, उशीर व्हायचाच," असं ती म्हणायची. आम्ही मुलं खेळता खेळता तो तांब्या लवंडायचो आणि तिच्या हातचा धपाटा खायचो. भरल्या कपाळाने, हिरव्या बांगड्या घालून ती गेली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

त्या दिवसापासून तांब्या आत्या ठेवू लागली. आत्याला घरजावई आणला होता, त्यामुळे ती माहेर सोडून कुठे गेली नाही. नवरा भला माणूस होता, तोही गेला. मूलबाळ नाही. मी तिला एकदा विचारलं होतं, "तुला खरंच वाटतं का ते येतील?" तर म्हणाली, "मला कशाला काय वाटाया पाह्यजे? आईनं सांगितलंय ठिवायला, ठिवते."

आमच्या घरात वडिलांना आबा म्हणायची रीत आहे. माझे वडील आजोबांना आबा म्हणायचे, आम्ही वडिलांना. आत्या मात्र आपल्या वडिलांना नेहमी "ते" म्हणायची. आई त्यांना "ते" म्हणे, लेकीनेही तेच उचललं. ज्याला कधी हाक मारलीच नाही त्याला हाक मारायचा शब्द तरी कुठून यावा? लहानपणी मला त्याचं हसू यायचं. आता येत नाही.

मागच्या पावसाळ्यात आत्या न्हाणीत घसरून पडली. खुबा जुळला, पण चालणं घरातून ओट्यापर्यंतच उरलं, तेही काठी टेकत. टाकाच्या त्या फोननंतर मीच उलट फोन करून विचारलं, इतक्या वर्षांनी आताच का?

"मी गेल्यावर तांब्या कोन ठिवनार?" ती म्हणाली. "तुमी? तुमाला सोताचं पानी भराया सवड न्हाई. देव्हाऱ्यात न्हाईत, वीरांत न्हाईत. माझ्यामागं ते हुते तरी का, असं व्हईल बघ."

"आणि तुझ्या आईला काय सांगशील?"

"वर गेल्यावर सांगंन. शिव्या दील, खाईन."

पण आत्यापुढे गळा काढायची सोय नसते, म्हणून मी चांदीचा भाव सांगायला लागले.

मी सावेडीत राहते. दुसऱ्याच दिवशी स्कूटर काढून सराफ बाजारात गेले. दुकानदाराने वीर म्हणताच मखमलीचा ट्रे पुढे केला. ढाल-तलवारवाला वीर, नुसता तलवारवाला वीर, पागोट्याचा वीर. मी त्यातल्या त्यात देखणा, भरघोस मिशांचा निवडला, शुद्धतेचा शिक्का पाहिला आणि आपल्याला कोणी गंडवलं नाही या समाधानात घरी आले.

धुळवडीच्या चार दिवस आधी एसटीने गावी पोचले. आत्या ओट्यावर वाटच बघत होती. तिने पदराने हात पुसले, टाक तळहातावर घेतला आणि मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यापाशी नेला.

"ह्यो कोन?"

"अगं, तुझे वडील."

"घोड्यावर?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या ट्रेमधले सगळेच वीर घोड्यावर होते. आमच्या देव्हाऱ्यातले तिघेही घोड्यावर आहेत. वीर म्हटला की खाली घोडा असायचाच, त्यामुळे तो मला दिसलाच नव्हता. खरं तर मला दिसायला हवा होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आत्या माझ्याकडे आली होती, तेव्हा मी तिला नगरच्या लष्करी संग्रहालयातले रणगाडे दाखवायला नेलं होतं. एवढी धुडं बघून लोक तोंडात बोटं घालतात. ही प्रत्येकाच्या लोखंडावरून हात फिरवत गेली आणि शेवटी तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं, "पायी चालनारे कुठं ठिवलेत?" तो बिचारा म्हणाला, "आजी, ते नाहीत इथं."

त्याच घरात राहणारा माझा भाऊ शेतावरून आला. देव्हाऱ्याची पूजा त्याच्याकडे, त्यामुळे धर्माच्या बाबतीत शेवटचा शब्द आपला, असं तो धरून चालतो. "आत्या, वीर घोड्यावरच असतो," तो म्हणाला. "आपल्या गावात तुला कुठं चालत जानारा वीर दिसला का? आन देवाच्या दारी हे कोन इचारतंय?"

"मी इचारते," आत्या म्हणाली. "माझ्या आईनं जन्मभर पाय धुवायला पानी ठिवलं. घोड्यावरनं येनाऱ्याचे पाय मळत्यात व्हय? हा दुसऱ्याच कुनाचा तरी बाप हाय. त्याला मी घरात घेनार न्हाई."

मी भडकले. इतक्या लांबून, भर उन्हात, एसटीच्या मागच्या सीटवर आदळत आले होते. म्हटलं, चांदी चांगली आहे, मूर्ती चांगली आहे, माणूस कोण हे आपल्या मनात असतं. आत्याने टाक माझ्या हातात परत ठेवला. रागावली असती तर परवडलं असतं, पण तिचा चेहरा एवढासा झाला होता. "राहू दे मग," ती म्हणाली. "न्हाई तर न्हाई." आणि काठी टेकत आत निघून गेली.

ते "राहू दे" मला सोसवलं नाही. त्या बाईने जन्मात कोणाकडे काही मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी राजूरचा बाजार होता. तिथे एक सोनार आहे, जोडवी-पैंजणं करतो. त्याने टाक उलटसुलट करून पाहिला आणि स्वच्छ सांगून टाकलं, "ताई, पायी चालनाऱ्याचा साचाच न्हाई. आजवर कुनी मागितलाच न्हाई." मी म्हटलं, हातानं कोरा. तो म्हणाला, धुळवडीच्या आत नवा होणार नाही, हातात कामं पडली आहेत. मी तिथेच बसून राहिले. मी बसून राहिले की लोक कंटाळून ऐकतात, हा माझा अनुभव आहे. शेवटी तो म्हणाला, "असं करू का, ह्याचा घोडाच काढतो."

मग त्याने टाक डांबराच्या गोळ्यावर पालथा दाबून बसवला आणि हलक्या हातोडीने घोडा ठोकून सपाट करायला घेतला. आधी शेपूट गेलं, मग पोट, मग मान. घोडा गेल्यावर वीर तसाच अधांतरी राहिला, एका पायाचा. घोडेस्वार बाजूने काढलेला असतो, त्याचा पलीकडचा पाय घोड्याआड असतो. तो पाय सोनाराने छिन्नीने हाताने नवा कोरला. नवा पाय जरा जाड झाला आणि जरा मागे राहिला. तलवार त्याने सरळ करून खांद्यावर घेतली, ती आता लांबून बंदूक वाटत होती. लगाम धरलेला हात मात्र तसाच पुढे राहिला, रिकामा. सोनाराने टाक उजेडात धरला. एक पाय पुढे, एक मागे. माणूस चालत होता.

घरी आत्याने तो बराच वेळ पाहिला. मग अंगठ्याने आधी एक पाय चाचपला, मग दुसरा. "हा सुजलाय," ती जाड पायाला म्हणाली. "एवढं चालल्यावर सुजनारच."

धुळवडीला दुपारी वीर निघाले. भावाने वाटीत आधीच्या तिघांशेजारी चौथा ठेवला, फडकं बांधलं आणि हलगी कडाडली. नदीवर सगळ्या घरांचे वीर अंघोळीला आलेले, काठावर ही गर्दी. भावाने पाण्यात उभं राहून एकेक टाक बुडवून काढला. तीन घोडे आणि एक पायी. शेजारच्या घरातल्या एकाने वाकून विचारलं, "ह्याचा घोडा कुठं गेला रं?" भाऊ म्हणाला, "आमच्या थोरल्या आज्याला घोडा लागत नव्हता." असं म्हणाला की जणू ही कल्पना पहिल्यापासून त्याचीच!

रीत अशी की वीर नदीवरून घरी आले की घरची बाई उंबऱ्यापाशी वीर घेऊन येणाऱ्याच्या पायांवर पाणी घालते, ओवाळते आणि मग त्यांना आत घेते. दर वर्षी भावाची बायको हे करते. या वेळी तिने आत्याला पुढे केलं. आत्या भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या हातात ओट्यावरचा तो तांब्या होता. भावाने पाय पुढे केले. तिने ते बाजूला सारले. "तुझे न्हाई," म्हणाली. मग फडकं सोडायला लावून तिने चौथा टाक आपल्या तळहातावर घेतला आणि त्या दोन पायांवर पाणी ओतलं. एकदम नाही, बारीक धार धरून, अंगठ्याने चोळत, तांब्या रिकामा होईपर्यंत.

आणि मग ती रडली. आमच्याकडे बाप मेला की लेक दारातून हंबरडा फोडत आत येते, तसं. ऐंशी ओलांडलेली बाई, पण रडणं लहान पोरीचं होतं. हलगीवाले थांबले. रंगाने तोंडं माखलेली पोरं दारात उभी राहिली. ती तार आली त्या दिवशी या घरात जे रडणं व्हायला हवं होतं ते राहून गेलं होतं. आईने स्वतःही रडायचं नाकारलं आणि लेकीलाही कधी रडू दिलं नाही. मी आत्याला धरलं आणि मीही मनसोक्त रडून घेतलं. ज्यांना मी कधी पाहिलं नाही, ज्यांचा साधा फोटोही आमच्या घरात नाही, त्यांच्यासाठी.

भावाच्या बायकोने टाक पुसून देव्हाऱ्यात बसवला, घोडेवाल्यांच्या रांगेत. हळद-कुंकू लागलं, पुरणाचा नैवेद्य झाला. आत्या दोन घास जेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तिची झोप इतकी गाढ होती की मी मधून मधून जाऊन श्वास बघत होते.

दिवेलागणीला ती उठून बसली. मी सवयीने तांब्या घासला, भरला आणि ओट्याकडे निघाले.

"कुठं निघालीस?" तिने विचारलं.

"तांब्या ठेवते ना."

"आता कशाला?" आत्या म्हणाली. "दार लोटून घे. आबा आले की."