बाईंचं ‘बरं’

आमच्या अंगणवाडीच्या बाई सभेला आल्या की आधी पंखा बंद करायच्या. “माझं मशीन पंख्यालाही माणूसच समजतं,” म्हणायच्या. दोन्ही कानांत यंत्रं होती, लेकीने डहाणू रोडहून करून आणलेली. मग त्या खिडकीकडे पाठ करून बसायच्या, म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडे. “निम्मं कानांनी ऐकते, निम्मं ओठांवरून. एकेक जण बोला.”

तलासरीच्या उकाड्यात पंखा बंद झाला की सगळे वैतागायचे. किराणावाले शेठ चिडवायचे, “बेन, मशीन चार्ज केलंय ना?”

“मशीन चार्ज आहे, शेठ. तुमचंच तोंड थांबत नाही.”

एखादं बोलणं निसटलं की त्या ‘बरं’ म्हणत. ते ‘बरं’ म्हणजे होकार नव्हे. तुम्ही काहीतरी बोललात, आता पुन्हा सांगा, एवढाच त्याचा अर्थ. गावात हे पोरासोरांना ठाऊक होतं. पाणी समितीचा अध्यक्ष म्हणून मला तर चांगलंच.

त्या दिवशी वरच्या पाड्याचा नळ खाली रस्त्याला, माझ्या घराजवळ आणायचा विषय होता. पाड्यातर्फे बोलणाऱ्या एकट्या बाई. त्या नाही म्हणाल्या असत्या तर विषय तिथेच संपला असता. मी पंखा लावायला सांगितला. शेठ मोठ्याने बोलत असतानाच घाम पुसायच्या निमित्ताने रुमाल तोंडाशी धरला आणि विचारलं, “नळ खाली आणायचा. बाई, हरकत नाही ना?”

बाईंनी शेठकडे पाहिलं, मग माझ्या रुमालाकडे. “बरं,” म्हणत त्या पुढे वाकल्या.

“एकमताने मंजूर!” मी टाळी वाजवली.

नळ हलल्यावर त्या घरी आल्या. “अध्यक्ष, माझं ‘बरं’ तुम्हाला माहीत नव्हतं?”

“सभेत हो म्हणायचं आणि मग फिरायचं, हे चालणार नाही,” मी तोंड समोर करून, स्पष्ट म्हणालो. ते मात्र त्यांना नीट ऐकू आलं. पुन्हा त्या सभेला आल्या नाहीत. सभा लवकर आटपू लागल्या.

यंदा बाई गेल्या. दिवसांना गेलो, तेव्हा पाड्यावरची एक म्हातारी हंडा उतरवत म्हणाली, “बाई चांगली होती. पण पाण्याच्या वेळी आमच्या बाजूने उभी नाही राहिली.”

“त्यांनी होकार दिलाच नव्हता. मी फसवलं.”

म्हातारीने हंडा भिंतीशी सरकवला. “हे मला काय सांगता? सभेत बोला.”

सोमवारी सभा आहे. नळ परत वर नेण्याचा ठराव मी मांडतोय. कालपासून मुलगा माझ्याशी बोलत नाही.