खाली वळवलेला आरसा

नाना गेल्याचं मला कॉलेजच्या पायऱ्यांवर कळलं. त्या दिवशी माझं प्रॅक्टिकल उशिरा होतं, म्हणून मी त्यांच्या गाडीतून न येता बसनं आले होते. फोन सचिनचा होता, त्यांच्या मुलाचा. मागे बायका गुजरातीत काहीतरी बोलत होत्या, कुणाचं तरी रडणं ऐकू येत होतं... मग तो म्हणाला, "पप्पा गाडी पुसता पुसता बसी ग्यात. उठनातच नहीत." त्या बायका म्हणजे नानांच्या गाडीतल्या रोजच्या बायका होत्या. कोपऱ्यावर गाडीची वाट बघून त्या शेवटी घरी आल्या होत्या. याला आता दीड महिना होत आला. मला लिहायची सवय नाही, आणि नानांबद्दल लिहायचं तर कुठून सुरुवात करायची तेही नीट कळत नाही. पण मला सारखा तो एक आवाज आठवतो, म्हणून तिथूनच करते.

नाना माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. धुळ्याकडून सुरतला आले ते थेट पावरलूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, आणि अर्धं आयुष्य तिथेच उभं राहून काढलं. गुडघे बोलायला लागले तेव्हा लूम सोडून त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली. आमच्या गोडादऱ्यातून हजीऱ्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या बायकांना ते रोज न्यायचे-आणायचे. बायकांनी मिळूनच महिन्याच्या भाड्यानं गाडी लावली होती, आणि त्यांच्यात हंसाबेनचा शब्द शेवटचा असायचा. माझं कॉलेज त्याच वाटेवर, अडाजणला. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे दोन बस बदलून एवढ्या लांब मुलीनं कसं जायचं यावर घरात बरेच दिवस खल चालला होता. नाना म्हणाले, "मन्ही गाडी तठूनच जास ना," आणि विषय संपला. मागच्या सीटचा डावा कोपरा माझा झाला.

लूमच्या खात्यात वर्षानुवर्षं काढलेल्या माणसांचे बारीक आवाज हळूहळू निघून जातात. नानांचंही तसंच झालं होतं. हॉर्न, इंजिन, ट्रकची घरघर त्यांना ऐकू यायची. पण शिट्टी, मोबाइलची रिंग, हळू बोलणाऱ्या बाईचा आवाज... हे त्यांच्यापर्यंत पोचायचंच नाही. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, गाडीत कुणाला नाही. निदान आम्हाला तसं वाटायचं. सचिन त्यांच्या मागे लागायचा. "पप्पा, सांगी टाका ना तेस्ले. मशीन लाई ल्या कानले." नाना गाडी पुसत राहायचे आणि म्हणायचे, "सांगीसन काय व्हई? दुसरा डायवर येई."

मागच्या हिवाळ्यात गाडीत एक करकर सुरू झाली. कोरड्या दाराच्या बिजागरीसारखा, दातांवर येणारा आवाज. रिंग रोडच्या पुलावर प्रत्येक सांध्याला तो यायचा, अडाजणपुढचं पाल सोडून हजीऱ्याच्या रस्त्याला लागलं की थांबायचाच नाही, असं बायका आपसात म्हणायच्या. बायकांच्या गप्पा तुटायच्या. हंसाबेन पुढे बघून दोनदा काही बोलल्या, नानांचं लक्ष रस्त्यावर. त्या गप्प झाल्या, पण त्यांचा चेहरा मला दिसत होता. या माणसाला आपली पर्वा नाही, असं त्यांना वाटत असणार. त्या संध्याकाळी मी नानांना करकरीबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, "कवयपासून?" मी म्हटलं, चार-पाच दिवस झाले असतील. ते फडक्यानं नुसते हात पुसत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून आमचं काम सुरू झालं. लूमच्या खात्यात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे हातानं बोलतात, आणि नानांमुळे आम्हा पोरांनाही त्या खुणा येतात. अंगठ्यावर दोन बोटं घासली की धाग्याची तार तुटली, मूठ वर केली की मशीन बंद. नानांनी गाडीतला मधला आरसा थोडा खाली वळवला, माझा कोपरा दिसेल एवढाच. मागची वाहनं ते बाजूच्या आरशांत बघायचे. करकर आली की मी मांडीवर ठेवलेल्या हाताची बोटं अंगठ्यावर घासायची. नाना आरशात हनुवटी किंचित वर करायचे, म्हणजे कुठे? मी डोळ्यांनी बाजू दाखवायची. हे सगळं बायकांच्या गर्दीत बसून, पुस्तक वाचत असल्यासारखं. मला फार भीती वाटायची. कुणी विचारलं असतं, मुली, हे काय चाललंय, तर मी काय सांगणार होते?

घरी आलं की नाना ती जागा शोधायचे, तळव्यानं. "माले ऐकू येत नही, पन हातले समजस," असं ते म्हणायचे. काकू घरी साड्यांना लेस लावते, तिच्या पिशवीतून मखमलीच्या पट्ट्या निघायच्या. दाराच्या फटीत जांभळी, सीटबेल्टच्या बकलाला गुलाबी, पुढच्या खणाच्या झाकणाला मोरपिशी. काकू म्हणायची, गाडीचं लगीन काढलंय का? छोटे आवाज एकेक करून गेले, मोठी करकर राहिली. गॅरेजवाल्यानं गाडी एकट्यानं फिरवून आणली आणि विचारलं, "अवाज किधर है, काका?" रिकाम्या गाडीत तो यायचाच नाही. नाना त्याच्याशी वाद तरी काय घालणार, त्यांनी तरी कुठे ऐकला होता तो.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी हंसाबेन गोडादऱ्यात उतरताना दारात थांबल्या आणि या वेळी मोठ्यानं म्हणाल्या, "काका, सोमवार सुधी आ अवाज बंद नई थाय, तो अमे बीजी गाडी करी लईशुं." सोमवारपर्यंत आवाज गेला नाही तर दुसरी गाडी. बोलताना त्यांची नजर खाली होती, म्हणजे त्यांनाही ते जड जात होतं. नाना "हा बेन" म्हणाले. तिथून घरी येताना त्यांनी आरशात एकदाही पाहिलं नाही. स्टिअरिंगवरचे त्यांचे हात मला दिसत होते. इतके घट्ट...

रविवारी दुपारी त्यांनी सगळी गाडी कसायला घेतली. लूमवाला माणूस, आवाज आला की आधी बोल्ट कसतो. तिथे ढिलं झालेलंच वाजतं. मधल्या सीटचे बोल्ट तर, सचिन एवढं नका आवळू म्हणत असताना, त्यांनी पान्यावर पाय देऊन कसले. मग गाडी भरायची होती, कारण वजन आल्याशिवाय करकर बोलत नव्हती. काकू, माझी आई, शेजारच्या दोन मावश्या, त्यांची पोरं, सगळ्यांना कोंबलं. सचिन चालवायला बसला, नाना मधल्या सीटच्या पायाशी उकिडवे, मी माझ्या कोपऱ्यात. पर्वत पाटियाकडच्या खराब रस्त्यावर गाडी घेतली आणि करकर आली... पहिल्यापेक्षा दुप्पट. सचिननं मागे न बघताच म्हटलं, "वाढनं ना? सांगतलं व्हतं मी." गाडीत कुणी हसेना. शेजारची मावशी पदर तोंडावर धरून बसली. मी बोटं घासत होते, नाना एकेका बोल्टवर तळवा ठेवत होते, माझ्याकडे बघत होते, पुढे सरकत होते. सीटच्या उजव्या पायावर हात गेला तेव्हा करकर आली, आणि ती त्यांच्या तळव्याला लागली. त्यांनी मूठ वर केली. सचिनला ती दिसलीच नाही. मीच ओरडले, थांब.

नानांनी त्या पायावरून खांबापर्यंत बोट फिरवलं. मग पुटपुटले, "मीच आवळं याले." सीट हलू नये म्हणून तो बोल्ट त्यांनी हिवाळ्याआधीच कसला होता, आणि आज इतका की सीटची चौकट ओढली जाऊन दाराच्या लोखंडी खांबाला टेकली होती. वजन आलं की लोखंड लोखंडावर घासायचं. ते जितकं कसत गेले तितकं ते ओरडत गेलं. त्यांनी बोल्ट ढिला केला, फटीत काकूची लाल मखमल दुमडून घातली, आणि पुन्हा कसला, पण या वेळी नुसत्या मनगटानं. गाडी त्याच रस्त्यानं परत आली. घराशी उतरताना नानांनी मला विचारलं, "खरं सांग माय. गया?" मी म्हटलं, गेला नाना. त्यांनी सचिनकडेही पाहिलं. त्यानं मान हलवली.

सोमवारी पूल आला. एकेक सांधा गेला. मी पुस्तकाचं एकच पान उघडून बसले होते. अडाजण आलं तरी उतरले नाही, त्या दिवशी हजीऱ्यापर्यंत जायचं मी ठरवलंच होतं. पाल मागे पडलं तेव्हा हंसाबेन हळूच म्हणाल्या, "अवाज गयो, काका." नाना पुढे बघत होते. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. मी आरशात त्यांना गाठायचा प्रयत्न केला, पण समोर ट्रक होता आणि त्यांची नजर तिथे होती. आता बायकांना कळणार, असं मला वाटलं. हंसाबेननी ट्रक पुढे जाऊ दिला. मग पुढे वाकून त्यांनी नानांच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली आणि नाना जरा वळल्यावर तेच वाक्य मोठ्यानं, सावकाश म्हणाल्या. नाना हसले. हंसाबेन मागे टेकल्या आणि शेजारणीशी बोलायला लागल्या, जणू काही झालंच नाही. त्या दिवसापासून त्या गाडीत नानांशी बोलायचं असलं की बायका आधी खांद्याला हात लावायच्या. त्यांना कधीपासून ठाऊक होतं, मला माहीत नाही.

आता गाडी सचिन चालवतो. एम्ब्रॉयडरीचं काम सोडून त्यानं ती घेतली. हंसाबेनच घरी येऊन म्हणाल्या होत्या, गाडी बदलायची नाही. पहिल्या सकाळी तो सीटवर बसला तेव्हा आरसा तसाच होता, माझ्या कोपऱ्याकडे वळलेला. त्यानं तो सरळ करायला हात वर नेला. नानांच्या डोळ्यांच्या जागी त्याचे डोळे दिसत होते, आणि मला तिकडे बघवत नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं हात खाली घेतला. मखमलीच्या पट्ट्याही अजून जागच्या जागी आहेत, फक्त उन्हानं विटल्यात.

परवा पुलावर पुन्हा काहीतरी बारीक करकरलं. नवीनच आवाज, उजवीकडून. मी विचार न करताच मांडीवरची बोटं अंगठ्यावर घासली, आणि मग लक्षात आलं की समोर नाना नाहीत. सचिनला सगळं ऐकू येतं. त्यानं तोंडानं विचारलं असतं तरी चाललं असतं. पण त्यानं आरशात माझ्याकडे पाहिलं, आणि हनुवटी किंचित वर केली.