हंसाबाई आणि तीन डिझेल गाड्या

बोईसरजवळच्या नवापूरच्या मच्छीमार संस्थेत मी एकोणतीस वर्षे व्यवस्थापक म्हणून काढली. येत्या मार्चअखेर सुटेन. या काळात शेकडो माणसे माझ्या टेबलासमोर बसून गेली, पण एखाद्याबद्दल लिहावे असे मनात आले की पहिल्यांदा आठवतात त्या हंसाबाई मेहेर. एक वेळ सोडली तर त्या माझ्यासमोर कधी बसल्या नाहीत. दारात उभ्या राहूनच बोलायच्या, कारण डोक्यावर माशांची टोपली असायची आणि ती उतरवून पुन्हा चढवायला दुसरा माणूस लागतो.

हंसाबाई बोईसरच्या बाजारात मासे विकायच्या. गावातल्या बाकीच्या बायका टेंपोने जात, हंसाबाई चालत. सात-आठ किलोमीटर जाणे, तेवढेच येणे, असे बावीस वर्षे. कारण एकच, त्यांना गाडी लागायची. टेंपोच्या पहिल्या वळणाला चेहरा पांढरा, दुसऱ्याला पदर तोंडाशी. तिसरे वळण सहसा यायचेच नाही, कारण तोवर शेजारच्या बायकाच आरडाओरडा करून टेंपो थांबवायच्या. बाजारात त्या सगळ्यांच्या नंतर पोचत, तरी गिऱ्हाईक खोळंबून राही. वीज केंद्राच्या वसाहतीत साताऱ्या-सांगलीकडच्या बायका नव्याने आल्या होत्या. त्यांना ओले बोंबील दाबून पाणी कसे काढायचे हे हंसाबाईंनीच शिकवले. "रडका मासा हाय तो, ताई. आधी त्याला रडून घेऊ द्या, मग तव्यावर टाका," असे त्या सांगायच्या.

गंमत अशी की पाण्यावर त्यांना कधी काही झाले नाही. त्यांचे माहेर पालघरजवळच्या माहीमचे. लग्नानंतर नवापूरला आल्या त्या नवऱ्याच्या होडीतून, आणि भर उधाणात येताना अर्धे वऱ्हाड आडवे झाले तेव्हा नवी नवरी मात्र शेंगदाणे खात बसली होती, असे त्यांचे यजमान शांतारामभाऊ अजून अभिमानाने सांगतात.

शांतारामभाऊ बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान. तीस वर्षे सुकाणू त्यांच्या हातात होते. पुढे मुलगा बोट पाहू लागला आणि भाऊंनी पालघरला जाऊन मोटारीचे लायसन काढले.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, १९९६ च्या जानेवारीतली. त्यांची मुलगी विजया जव्हारला असते, जावई तिथे शाळेत शिक्षक. लग्नाला पाच वर्षे झाली तरी हंसाबाईंनी लेकीचे घर पाहिले नव्हते. दोनदा एस.टी.ने निघाल्या. एकदा मनोरला उतरून परत आल्या, दुसऱ्यांदा विक्रमगडपर्यंत मजल गेली. नात्यातल्या एकाने स्वतःच्या मोटारीतून नेऊन पाहिले, तर पेट्रोलच्या वासाने त्या पालघरच्याही पुढे जाऊ शकल्या नाहीत. पहिल्या बाळंतपणाला विजया माहेरी आली होती. दुसऱ्या वेळी थोरला बालवाडीत जायला लागला होता, त्यामुळे ती जव्हारलाच राहिली. मुलगी झाली. नऊ दिवसांनी बारसे. हंसाबाईंनी निरोप ऐकला आणि प्रथमच माझ्या ऑफिसात येऊन खाली बसल्या आणि मला म्हणाल्या,

"भाऊसाहेब, या बारशाला मी नाय गेले तर लेक बोलणार नाय काय. पण मनात ठेवील."

शांतारामभाऊ मागोमाग आले. त्यांचा विचार झाला होता. "गाडी घ्यायची. डिझेलचीच. पेट्रोलचा वास हिला सोसत नाय, डिझेलचा सोसतो. एस.टी.त लागतो तो गर्दीचा वास."

"सोसतो काय? तीस वरसं ह्यांच्या सदऱ्याला डिझेल, उशीला डिझेल," हंसाबाई म्हणाल्या. "डिझेल नसंल तर मला झोप यायची नाय."

बोईसर परिसरात तीन जुन्या डिझेल गाड्या विकायला होत्या. भाऊंनी मला बरोबर यायला सांगितले, कारण संस्थेच्या बोटीचे इंजिन घेताना मी चार इंजिनांचा तुलनात्मक तक्ता केला होता आणि तो त्यांना आवडला होता. मी नवीन वहीत रकाने आखले: स्टिअरिंगचे वजन, दुसऱ्या गिअरमधली ओढ, गतिरोधकावरचा हिसका, आवाज, वळायला लागणारी जागा. शेवटचा रकाना महत्त्वाचा होता, हंसाबाईंनी हात वर करेपर्यंतचे अंतर. हात वर झाला की गाडी थांबवायची, असे ठरले. गाड्यांची नावे इथे लिहीत नाही. मालक अजून याच भागात आहेत.

पहिली गाडी एका डॉक्टरांची, गोल पाठीची, दार मोठे, पुढची सीट बाकासारखी अखंड. भाऊ चालवायला बसले, शेजारी हंसाबाई, मागे मी वही घेऊन. स्टिअरिंग जड, पण गतिरोधकावरून गाडी अशी मऊ उतरायची की वहीतली रेघ हलत नव्हती. ओढ कमी. मागून आलेला रिक्षावाला आम्हांला हात दाखवून पुढे गेला. मी हे टिपतो आहे तोच हंसाबाईंचा हात वर झाला. तीन किलोमीटर.

"हिला पुढं काय नको दाखवायला, मागं बसवा," भाऊ म्हणाले. मागे बसवले. मग अडीच किलोमीटर.

दुसरी गाडी मूळची पेट्रोलची, नंतर तिला डिझेल इंजिन बसवलेले. भाऊंनी बॉनेटवर तळवा टेकला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"काय वो, नवस बोलताय का?" हंसाबाईंनी विचारले.

"गप गो. इंजिन ऐकतो हाय. हे इंजिन दर्यात घालण्यासारखं हाय."

इंजिन खरोखर चांगले होते, फक्त ते बोलू लागले की माणसांना बोलता येत नव्हते. ओढ उत्तम, वळायला जागा थोडी लागे, पण खड्ड्यात चाक गेले की माझे दात वाजत. हात दोन किलोमीटरवर वर झाला. हंसाबाई रस्त्याकडेच्या बाभळीला धरून उभ्या राहिल्या आणि तोंड पुसून म्हणाल्या, "भाऊसाहेब, लिवा. दर्यात घालण्यासारखंच हाय."

तिसरी गाडी बेटेगावच्या एका ठेकेदाराची, जीपसारखी उंच. ती घेऊन त्यांचा ड्रायव्हर सुका आला. वारली समाजातला, पस्तिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने किल्ली देण्याचे साफ नाकारले. "शेठनं सांगितलं हाय, चाकावर दुसऱ्याला बसू द्यायचं नाय. तुमी बसा, मी चालवून दाखवतो."

भाऊंना हे आवडले नाही. तीस वर्षांत दुसऱ्याच्या हाताखाली ते बसले नव्हते. तरी चरफडत मागे बसले. आम्ही नवापूरहून निघालो, बोईसर मागे पडले, रेल्वेचे फाटक गेले, आणि हंसाबाई पुढे बसून सुकाला त्याच्या बायकोचे नाव, मुलांची इयत्ता आणि सुकट कशी ठेवायची हे विचारत आणि सांगत होत्या. बेटेगाव आले. बारा किलोमीटर! हात वर झालाच नाही.

"हीच गाडी," शांतारामभाऊ गाडीतून उडी मारूनच म्हणाले. "ठरलं. भाऊसाहेब, वही मिटा."

वही मिटायला माझी ना नव्हती, पण मला एक गोष्ट खटकत होती. तुलना करायची तर बाकी सगळे सारखे ठेवून एकच गोष्ट बदलायची असते, हे मी कॉलेजात शिकलो आणि आयुष्यभर पाळले. इथे गाडी बदलली होती आणि हातही बदलला होता. मी म्हटले, "भाऊ, एक काम करू. हीच गाडी परतीला तुम्ही चालवा."

सुका आढेवेढे घेऊ लागला. मी नाक्यावरच्या दुकानातून ठेकेदाराला फोन करून परवानगी घेतली. भाऊ आनंदाने चाकावर बसले. पुढे हंसाबाई, मागे सुका आणि मी. दीड किलोमीटरवर हात वर झाला.

रस्त्याकडेला सगळे उतरलो. भाऊ टायर तपासू लागले, जणू दोष तिथेच होता. सुका मान खाली घालून उभा होता. शेवटी त्याला राहवेना.

"काका, राग नका मानू. तुमी गाडी वल्हवताय."

"काय म्हनलास?"

"वल्हवताय. सरळ रस्ता हाय, तरी चाक जरा इकडं, जरा तिकडं. नि थांबायचं असलं की पायडलावरचा पाय काढून टाकता, गाडी वाहत वाहत जाते, मग अगदी जवळ आल्यावर ब्रेक. परत पाय देता, परत काढता."

खरे होते ते. बोटीचे सुकाणू एका जागी धरून चालत नाही. लाट बघून सतत थोडे द्यावे-घ्यावे लागते. आणि बोटीला ब्रेक नसतो. धक्का जवळ आला की इंजिन कमी करायचे आणि बोट आपोआप वाहत जाऊन लागेल असा अंदाज बांधायचा. ज्या हाताने तीस वर्षे माणसे सुखरूप आणली, तोच हात डांबरी रस्त्यावर बायकोला ढवळून काढत होता.

"तू कुठं शिकलास एवढं?" भाऊंनी जरा घुश्शातच विचारले.

"आठ वरसं एमआयडीसीत ॲसिडचा टँकर चालवला. अर्धा भरलेला टँकर ब्रेकला मागनं ढकलतो, वळणाला आडवा ओढतो. आतलं ॲसिड झोपलं पायजे असं चालवायचं. मावशीचं पोट नि टँकर सारखंच."

"मेल्या, मी टँकर काय?" हंसाबाई म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा पोट धरून हसल्या.

दुसऱ्या दिवशी सुकाकडून पहिल्या दोन्ही गाड्या चालवून घेतल्या. दोन्हींत बारा किलोमीटर, हात खाली. आवाज करणाऱ्या गाडीतून उतरल्यावर हंसाबाईंचे कान वाजत होते, पण पोट शांत होते. आता शेवटचा रकाना तिन्हींना सारखा झाल्यामुळे बाकीचे रकाने कामाला आले. निकाल हंसाबाईंनीच दिला. "पहिली. दार मोठं हाय, नऊवारी सांभाळून बसता येतं. नि समोरची काच रुंद हाय, मला दिसतं तरी आपन कुठं चाललो ते." डॉक्टरांनी दोन दिवसांत गाडी दिली.

राहिला प्रश्न जव्हारला कोण नेणार. बारशाला चारच दिवस होते. भाऊंचे म्हणणे, गाडी माझी, चालवणार मी. तांडेलाने आपल्याच बोटीत खलाशी होऊन बसायचे का? दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी हंसाबाईंनी बारशाची कुंची, झबली आणि सुक्या माशांचे गाठोडे गाडीत नेऊन ठेवले, स्वतः पुढे बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "माझी लेक मोठी का तुमचं सुकाणू, ते उद्या सकाळपर्यंत ठरवा. मी आजपासनंच बसून राहते."

भाऊ सुकाच्या शेठकडे त्याच्यासाठी एक दिवसाची रजा मागायला स्वतः गेले.

बारशाच्या दिवशी मी बरोबर नव्हतो, पण विजयाने नंतर सगळे सांगितले. आईची अवस्था ठाऊक असल्याने तिने पुढच्या खोलीत अंथरूण घालून ठेवले होते, लिंबाचे सरबत केले होते, शेजारी घमेले ठेवले होते. हंसाबाई विक्रमगडच्या पुढची सगळी वळणे पार करून दारात उतरल्या, अंथरूण पाहिले आणि विचारले, "कोन आजारी हाय गो?" मग सरळ आत जाऊन नात उचलली. विजया दाराशीच रडत बसली. हंसाबाईंनी तिला ओरडून आत बोलावले, "रडतेस काय? ये, हिचं नाक बघ, तुझ्या बापाचं हाय. आता आपन काय करनार?"

संध्याकाळी परत निघायची वेळ झाली. हंसाबाई उठल्या नाहीत.

"मी चार दिवस राहते. तुमी जा."

"नि न्यायला?"

"न्यायला तुमी यायचं. एकट्यानं. सुकाकडनं शिकून घ्या तोवर. नायतर मी चालत येते, मला सवय हाय."

ते चार दिवस शांतारामभाऊ पहाटे बेटेगावला हजर असत. सुका ड्युटीवर जायच्या आधी दोन तास शिकवी. त्याने मागच्या सीटच्या पायाशी अर्धी भरलेली बादली ठेवली. पहिल्या दिवशी मीही गेलो होतो, आणि घरी आलो तेव्हा माझे बूट, मोजे आणि पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. "काका, आधी नजर लांब टाका, मग पाय," एवढेच सुका पुन्हा पुन्हा म्हणे. भाऊंना वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कोणी काही शिकवतो आहे, आणि ते ऐकून घेताहेत, हे पाहायला गावातली दोन-चार माणसे मुद्दाम बेटेगावपर्यंत जाऊन आली. भाऊंनी कोणाकडे मान वळवून पाहिले नाही.

पाचव्या दिवशी दुपारी विजया बाळाला न्हाऊ घालत होती, हंसाबाई पाणी ओतत होत्या. गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला. गाडी वळली, सावकाश दारापर्यंत आली आणि कधी थांबली ते कळलेसुद्धा नाही.

हंसाबाई हातातला तांब्या तसाच धरून म्हणाल्या, "सुका आला गो. तुझ्या बापाला काय जमलं नाय."

विजयाने बाळाला टॉवेलात गुंडाळले आणि खिडकीतून पाहिले. मग ती बाजूला झाली आणि आईला खिडकीशी जागा दिली.

गाडीतून शांतारामभाऊ उतरत होते. एकटेच. दार लावून ते क्षणभर गाडीकडे पाहत उभे राहिले, धोतराला हात पुसले आणि घराकडे वळले.

हंसाबाईंनी पदर खोचला. "विजे, ह्यांना आधी जेवायला वाढ," त्या म्हणाल्या, "माझं गाठोडं मी बांधते."