दोन बायांचा कोयता

ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी अर्धा कोयता, आणि एकटी बाई मुकादमाच्या लेखी नुसती मूठ. चौसाळ्याच्या चंद्रभागाबाईंना हे नवरा वारल्यावर कळलं, तेही ऐन दुष्काळात. विहिरीला पाणी नव्हतं, गावात काम नव्हतं आणि सहकारी कारखान्याला निघालेल्या ट्रकमध्ये त्यांना जागा नव्हती.

त्यांनी शेजारच्या तुळजाबाईला गाठलं. तिचा नवरा जिवंत होता, पण कुठं होता ते त्यालाच ठाऊक. ट्रक भरत होता तिथं दोघी मुकादम सुंदररावांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्यात नवरा कोण?" सुंदरराव मिशीत हसले.

"उसाला ते कळत न्हाई. तुमाला कावून पायजे?" चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"अन् मोळी गाडीत कोण चढवील?"

चंद्रभागाबाईंनी पदर खोचला. सुंदररावांच्याच ज्वारीचं पोतं खाली पडलेलं होतं. तुळजाबाईनं हात लावला, चंद्रभागाबाईंनी ते डोक्यावर घेतलं आणि हलत्या फळीवरून ट्रकमध्ये नेऊन टाकलं. मागोमाग तुळजाबाई चढली. दोघी पोत्याला टेकून बसल्या.

"उतरा आता."

"बसलो ते बसलो, आप्पा. आता कारखान्यावरच उतरू."

ट्रकभर हशा पिकला आणि गाडी निघाली.

तिकडं उसाच्या फडाच्या मालकानं दोघींना पाहून विचारलं, "यांचा गडी कुठाय?"

सुंदरराव त्याच्यावरच गुरकावले, "तुमाला ऊस तुटल्याशी मतलब, का गड्याशी?"