सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीचा मासा

सगळं गाव सुट्टीला बाहेर जेवायला निघतं, तेव्हा कुणालातरी भट्टीपुढे उभं राहावंच लागतं. नाकवाल्याचं अर्धं आयुष्य तसं उभ्यानंच गेलं.

बाजार संपतो तिथल्या खानावळीत तो आचारी. सुट्टीच्या दिवशी तिथं बाकड्याला बाकडं लागलेलं असे. लेकुरवाळी माणसं, दात पडलेले म्हातारे, नवी लग्नं झालेली जोडपी, सगळी यायची, जेवायची, ढेकर देऊन जायची. आत भटारखान्यात हा घामानं निथळत कढयांशी झुंजत असायचा. त्याची स्वतःची सुट्टी दुसऱ्या दिवशी. लोक कामावर असताना हा धुतलेला सदरा घालून बायको, पोरगी आणि थोरल्या बहिणीला घेऊन फिरायला निघे. पोरीची शाळा दुपारी सुटली की बाग, मग तळ्यावरची होडी, मग कुठंतरी जेवण. बागेत पाळणे मोकळे आणि होडीवाला आळसावलेला. पोरगी म्हणायची, आपण राजे आहोत बाबा, सगळं आपल्यासाठीच ठेवलंय.

राजांना एकच अडचण होती. सुट्टीला गिऱ्हाईक किती येईल याचा अंदाज कुठल्याच खानावळवाल्याला नसतो, म्हणून तो जरा जास्तच माल भरतो. उरलेला दुसऱ्या दिवशी मसाल्याची जाड गोधडी पांघरून ताटात येतो. ही गोष्ट नाकवाल्याइतकी कुणाला ठाऊक असणार? त्यानंही आयुष्यभर गोधड्या शिवल्या होत्या. म्हणून घरात एक नियमच झाला होता. ताट आलं की कुणी हात घालायचा नाही. आधी हा वाकून वास घेणार, एक घास तोंडात फिरवणार, आणि मग म्हणणार, "चला." तो "चला" म्हणाला की जेवण सुरू. त्यानं नुसतं "हं" म्हटलं, तर ताट परत.

मासे तर सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी मागवायचेच नाहीत, असंही त्याचंच फर्मान होतं. पण पोरीला मासे फार आवडत, आणि नाकावर भरवसा असल्यामुळं हे फर्मान तो स्वतःच मोडायचा.

ते नाक होतंही तसंच. आई लवकर गेली, आक्कानं त्याला वाढवलं. शाळेतून येताना हा गल्लीच्या तोंडाशीच सांगायचा, आक्का, भात तळाला लागलाय. आक्का म्हणायची, देवानं याला चेहरा नंतर दिला, आधी नाक करून ठेवलं होतं. आकारानंही ते काही लहान नव्हतं. त्याच नाकावर त्याला काम मिळालं, नाव मिळालं आणि बायकोही मिळाली. सासऱ्यानं एकदा खानावळीत जेवून, हा रस्सा कुणी केला म्हणून आत डोकावलं होतं.

गेल्या थंडीत त्याला ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला.

आधी वाटलं सर्दी असेल. वाफ घेतली, काढे प्याला. सर्दी गेली तरी वास परत येईना. जिभेला खारट, आंबट, गोड एवढं कळे. बाकी सगळं पुठ्ठा चघळल्यासारखं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. उद्या येईल, परवा येईल करत थंडी सरली, उन्हाळा लागला. आणि मग सांगायची वेळच निघून गेली. लंगड्या हमालाला कोण ओझं देतं?

भटारखान्यात त्यानं तोड काढली. कांदा किती भाजला ते डोळ्यांनी बघायचं. तेल तापल्याचं कानानं ओळखायचं. उरलं चव-वासाचं, त्याला भांडी घासणारी मावशी होती. तिला तो वाटीत रस्सा काढून द्यायचा, म्हणायचा, "मावशी, तुमच्यासाठी ठेवलाय, बघा बरं कसा झालाय." मावशी मिटक्या मारत सांगायची, खोबरं जरा खवट लागतंय हो, नाहीतर, आज झकास. मावशीला वाटे, आजारपणानं माणूस मवाळ झाला. मालकही कौतुकानं म्हणाला, नाकवाल्याला आताशा गरिबाची कणव यायला लागली. हा मान खाली घालून कढई ढवळत राही.

घरात मात्र कढईआड लपता येत नव्हतं. एकदा दूध उतू जाऊन करपलं आणि हा शेजारी बसून पेपर वाचत होता. बायको धावत आली, तिनं पातेलं उतरवलं, त्याच्याकडं बघितलं आणि खिडकी उघडली.

अशात मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, विम्याची कामं करणारा. तोंडानं फटकळ, मनानं वाईट नाही. आला की सगळ्यांना हसवायचा आणि जाताना कुणाच्या तरी वर्मावर बोट ठेवून जायचा. त्यानंच टूम काढली की आज तळ्यावर जाऊ, तिथं म्हणे आता मासे फार छान मिळतात. नाकवाला म्हणाला, नको, काल सुट्टी होती. मेहुणा म्हणाला, दाजी असताना आपल्याला कसली भीती? पोरीनं लगेच बापाचा हात धरला. त्यानं तेव्हाच पाय रोवून नको म्हणायला हवं होतं. पण का नको, हे सगळ्यांनी विचारलं असतं.

होडीत बसून झालं, बागेत हिंडून झालं. मेहुणा शिंगं मोडून वासरात शिरल्यासारखा पोरीबरोबर पाळण्यावर खिदळला. आक्का बाकावर बसून पाय चोळत राहिली. मग ती तळ्याकाठची खानावळ. पत्र्याचं छप्पर, खाली प्लास्टिकची टेबलं, आणि पाण्यावरून येणारा वारा. नाकवाल्याला बघून तिथला आचारी हात पुसत बाहेर आला. वस्ताद आमच्याकडे आले, म्हणून त्यानं स्वतः खुर्च्या ओढून दिल्या. ताट त्यानंच आणून ठेवलं आणि कडेला उभा राहिला. एका आचाऱ्यानं दुसऱ्या आचाऱ्यापुढं ताट ठेवावं, आणि तोंडाकडं बघत राहावं, यापेक्षा मोठी परीक्षा नसते.

तांबडेलाल तळलेले तुकडे, वर लिंबू. नाकवाला वाकला. नेहमीसारखा श्वास ओढला. वाफ तेवढी नाकाला लागली, बाकी शून्य. इतक्यात पोरगी म्हणाली, "बाबा, कसला तरी वास येतोय."

आक्कानंही नाक जरा आखडलं.

नाकवाल्यानं एक तुकडा तोंडात घातला. मीठ होतं, आंबट होतं. आणि दाताखाली मांस पिठासारखं विरघळलं. ताजा मासा पापुद्र्यानं सुटतो. हा सुटत नव्हता, लिबलिबत होता. दातांनी त्याला सांगायचं ते सांगितलं. पण समोर तळ्यावरचा आचारी उभा, शेजारी मेहुणा हसून बघतोय. परत पाठवलं तर तो आचारी विचारणार, काय झालं वस्ताद, कसला वास येतोय? आणि कसला ते याला सांगता येणार नव्हतं. त्यानं घास गिळला.

"चला," तो म्हणाला. "तळ्याच्या पाण्याचा वास असतो तो. ताज्या माशालाच येतो."

तळ्यावरच्या आचाऱ्याचा जीव भांड्यात पडला. तो आत गेला. मेहुणा तुटून पडला. बायकोनं थोडं खाल्लं. पोरीनं तुकडा हुंगला, परत ठेवला आणि मला नको म्हणाली. आक्का तिला रागावली. बाप सांगतोय ना, मग आणखी कुणाची साक्ष पाहिजे? अन्नाला नावं ठेवू नयेत म्हणून पोरीच्या वाटचे तुकडेही आक्कानंच संपवले. नाकवाला तिच्याकडं बघत होता. तिला थांबवायला एक शब्द पुरला असता. त्यानं पाण्याचा पेला भरला आणि तिच्यापुढं सरकवला.

दिवेलागणीला आक्काचं पोट बिघडलं. आधी तिनं ते लपवलं, मग लपवण्यासारखं राहिलं नाही. मेहुणाही मोरीच्या वाऱ्या करायला लागला. बायकोला मळमळत होतं. आक्का पांढरीफटक पडून भिंतीला टेकली तेव्हा तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिच्या वाळक्या हाताला शीर सापडेना. नर्सनं सुई कितीदा टोचली, आक्का हूं नाही की चूं नाही. नाकवाला पायाशी उभा होता. तो मात्र ठणठणीत. जन्मभर खानावळीतलं उरलंसुरलं खाऊन त्याचं पोट लोखंडाचं झालेलं.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं, त्याला वास वगैरे येत होता का. सगळे नाकवाल्याकडं बघायला लागले. पोरगी म्हणाली, "येत होता. बाबा म्हणाले, तो ताज्याचा वास आहे."

डॉक्टरांनी फक्त लिहून घेतलं.

सकाळी मेहुणा जरा उभा राहण्याजोगा झाला, दवाखान्यात आक्काच्या खाटेशी आला आणि पेटला. त्या तळ्यावाल्याला सोडायचा नाही, तक्रार करायची, खानावळीला टाळं ठोकायचं. फोन लावला, तर तिकडून तो आचारी म्हणाला की वस्तादांनीच आधी चाखलं, वाईट होतं तर ते बोलले का नाहीत? मेहुणा फोन हातात धरून म्हणाला, "बघा दाजी, चोराच्या उलट्या बोंबा. तुम्हीच सांगा याला."

फोन त्यानं पुढं केला. नाकवाल्यानं तो घेतला नाही. वॉर्डातल्या लोखंडी स्टुलावर तो बसला आणि खाली फरशीकडं बघत बोलला.

"त्याचं चुकलंच. पण तो खोटं बोलत नाहीये. मला वास येत नाही. थंडीतल्या तापापासून येत नाही."

मेहुण्यानं फोन बंद केला.

बायको हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे दूध करपलं तेव्हा..."

"नाही आला वास."

"तुम्ही माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायचं सोडलंत. मला वाटलं, माणसाचं मनच उडालं माझ्यावरून. रोज नवीन काहीतरी करत होते, तुम्ही मुकाट गिळत होता. रडले मी, अहो." ती चिडली होती, पण त्या चिडण्याखाली कसलं तरी ओझं उतरल्यासारखं होतं, आणि त्यामुळं ती आणखीच चिडली.

आक्कानं डोळे उघडले. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रागावेल म्हणून हा वाट बघत होता; रागावली असती तर त्याला बरंच वाटलं असतं.

"म्हणजे मला वास आला होता तो खराच होता," आक्का म्हणाली. "एवढं वय झालं, माझं नाक माझ्या तोंडावर आहे, आणि मी तुझ्या नाकानं जेवले. मूर्ख मी." मग त्यानं धरू पाहिलेला हात तिनं ओढून घेतला. सुई लावलेला हात, त्यामुळं नर्स ओरडली.

त्यानंतर ती त्याच्याशी घरी येईपर्यंत बोलली नाही.

तो मालकाकडं गेला, तेव्हा खानावळ उघडायची होती. गल्ल्यामागं मालक अगरबत्ती लावत होता. नाकवाल्यानं सगळं सांगितलं, मावशीच्या वाटीसकट. मालकानं अगरबत्ती त्याच्या नाकाशी धरली, चाचपून बघावं तशी. मग विचारलं, गिऱ्हाइकांपैकी कुणाला माहीत आहे का? नाही म्हटल्यावर त्यानं अगरबत्ती देवापुढं खोचली.

"मग उभा राहा भट्टीपुढं," मालक म्हणाला. "लोक तुझ्या नावानं येतात, नाकानं नाही. मावशी चाखेल. बाहेर कुठं बोलू नकोस."

काढून टाकेल, शिव्या देईल, असं धरून तो आला होता. हे त्याच्या हिशेबात नव्हतं. त्याचं काम राहिलं, आणि खोटंही राहिलं. फरक एवढाच की आता त्यात मालक भागीदार झाला. मावशीला कळलं तेव्हा ती खुदकन हसली आणि दुसऱ्याच घटकेला गंभीर झाली. आतापर्यंत ती कौतुकानं चाखत होती, आता भीत भीत चाखू लागली. चुकलं तर कुणाचं नाव जाईल, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाहेर लोक बोटं चाटत म्हणायचे, नाकवाल्याच्या हाताची चव काही औरच. आत तो पळी धरून मावशीच्या तोंडाकडं बघत असे. तळ्यावरचा आचारी त्याला आठवे.

तब्येती सावरल्यावर पोरीनं पुन्हा फिरायला जायचा हट्ट धरला. नाकवाला नको म्हणत होता, बायकोनंच चपला घातल्या. आक्का येणार नाही असं सगळ्यांना वाटलं. ती सगळ्यांच्या आधी दारात उभी. बागेजवळच्या एका साध्या खानावळीत बसले. भात, भाजी, रस्सा आला. नेहमीसारखे सगळे हात मागं घेऊन थांबले. मग आपण कशाला थांबलो, हे एकदमच सगळ्यांच्या लक्षात आलं.

आक्कानं ताट आपल्याकडं ओढलं, वाकली, नाक घालून हुंगलं. पोरीनं दुसऱ्या बाजूनं हुंगलं. बायकोनं भाताचं शीत दाबून पाहिलं. तिघींनी एकमेकींकडं बघितलं. नाकवाल्याला कुणी काही विचारलं नाही. वाढलेलं तो खायला लागला.

काही घासांनंतर आक्का त्याच्याकडं न बघता म्हणाली, "कसं आहे?"

त्यानं घास गिळला. झकास आहे, हे शब्द सवयीनं ओठावर आले होते.

"गरम आहे," तो म्हणाला. "मीठ बरोबर आहे. बाकीचं तू सांग."

आक्का चावत राहिली. वेळ घेऊन, सावकाश. सांगावं की नाही, याचा विचार करत असल्यासारखी. मग म्हणाली, "लसूण करपलाय जरा," आणि त्याच्या ताटात आणखी थोडा रस्सा वाढला.