अनुसयाबाईच्या हातचं वायंडिंग

नेमसिंगच्या उजव्या हाताला लकवा मारला आणि हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारातलं त्याचं विजेच्या मोटारी भरायचं दुकान बंद पडलं. जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढून नवी भरायची, या वायंडिंगमध्येच त्याची उमर गेली होती. आता हात मांडीवर पडून राहायचा. जीभही जड झालेली. बोलायला गेला की शब्द अर्ध्यात अडकायचा, ऐकणारा "काय म्हनलात?" असं विचारायचा, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हळूहळू त्यानं बोलणंच टाकलं. तांड्यावरच्या घरात भिंतीकडं तोंड करून पडून असायचा.

घर चालावं म्हणून त्याच्या बायकोनं, अनुसयाबाईनं, दारात घरघंटी बसवली. बाया दळण आणू लागल्या. पण दुपारी लाइट गेली की घरघंटी गप्प, अन् ज्वारीचे डबे ओट्यावर तसेच. एका ओळखीच्याचा इन्व्हर्टर लावून पाहिला. त्यावर पंखा फिरला, पण मोटार सुरू होताना जो झटका घेते तो त्याला सोसला नाही.

एकदा झाडताना तिचा झाडू खाटेखाली कशाला तरी अडला. ओढून काढलं तर दोन गोल ट्रान्सफॉर्मर, जात्याच्या पाळीसारखे जड, मधे भोक असलेले. मोडलेल्या यूपीएसमधून निघालेले हे नग नेमसिंगनं हिंगोलीच्या भंगारवाल्याकडून हौसेनं आणले होते. याचं काय करायचं होतं, असं तिनं सहज विचारलं. उत्तराची आशा नव्हतीच. पण तो उठून बसला. अडखळत, दम घेत त्यानं सांगितलं, की दोन्ही जोडून मोठा इन्व्हर्टर करायचा होता, मोटार ओढील असा. बॅटरीची वीज घरच्या लाइटीसारखी करणारी मॉसफेटची पाटी केव्हाची तयार आहे. वरची बारीक तार काढून बॅटरीच्या हिशेबानं जाड तार भरायची तेवढी राहिली. ते दोन हातांचं काम.

एवढं बोलून त्यानं आपल्या हाताकडं पाहिलं आणि परत आडवा झाला.

"माझे हात हायेत ना," अनुसयाबाई म्हणाली. "तुमी सांगा, मी भरते."

तिला भरणं माहीत होतं ते कापडावरचं. आरशांच्या चोळ्या, पिशव्या भरत ती लहानाची मोठी झाली होती. इथं सुईच्या जागी तार होती. प्रत्येक वेढा भोकातून आत घालायचा, बाहेरून ओढून घ्यायचा, आधीच्याला खेटून बसवायचा. वेढा जरा सुटला की नेमसिंग डाव्या हातानं खाटेवर टकटक करायचा. मग ती उसवायची, पुन्हा भरायची. कधी वैतागून तार टाकून द्यायची अन् चुलीकडं निघून जायची. चहा घेऊन परत यायची. तो शब्दाला अडकला की मात्र ती काही विचारायची नाही. तार हातात धरून, तो शब्द येईपर्यंत थांबायची. तिच्यापाशी त्याला घाई करावी लागत नव्हती. असं करत करत तो दिवसभर बोलू लागला.

शेवटची जोडणी त्यानं हट्टानं स्वतः केली, डाव्या हातानं अन् दातांनी. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या लावल्या. शेजारची रूपाबाई डबा घेऊन बघायला उभी होती. बटण दाबलं, फटकन आवाज झाला, मॉसफेट फुटले आणि घरभर जळका वास भरला. नेमसिंग भिंतीकडं वळला.

अनुसयाबाईला वाटलं, आपलंच भरणं चुकलं. उगीच त्याच्या कामात हात घातला. बरा बोलून राहिला होता माणूस, तो परत मुका केला आपण. चार-सहा दिवसांनी, तो झोपलाय असं बघून, ती गुपचूप तार उसवायला बसली.

"थांब," मागून आवाज आला.

तो उठून जवळ आला. त्यानं तिच्याकडून दोन्ही ट्रान्सफॉर्मर होते तसेच जोडून घेतले, घरच्या लाइटीवर लावले आणि मधे एक बल्ब टाकायला सांगितलं. बल्ब लख्ख पेटला. अनुसयाबाईला वाटलं, जमलं. ती हसली. त्यानं मान हलवली. मग एका ट्रान्सफॉर्मरची दोन टोकं तिला अदलाबदल करायला लावली. आता बल्ब विझल्यासारखा झाला, आणि नेमसिंगचा चेहरा खुलला.

"पेटला म्हंजी दोघं एकमेकाशी भांडून राहिले, लाइट फुकट ओढून राहिले," तो म्हणाला. "तुझं वायंडिंग बराबर हाय. टोकं मीच उलटी जोडली व्हती."

मधे तो एकदाही अडखळला नाही. ते तिच्या ध्यानात आलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि बल्बाची वायर सोडवू लागली.

हिंगोलीहून नवे मॉसफेट आणले. त्यानं सांगायचं, तिनं कथलाचा डाग द्यायचा. पुढच्या खेपेला दुपारी लाइट गेली तेव्हा इन्व्हर्टर आधी घुमला, घरघंटीनं झटका घेतला आणि ती फिरू लागली. रूपाबाईची ज्वारी पहिली दळून निघाली. नेमसिंगनं पिठात बोट घालून बघितलं, गरम होतं.

त्याचा हात काही परत आला नाही. पण बातमी गोरेगावात गेली आणि सोनाजी नावाचा शेतकरी जळालेली मोटार घेऊन तांड्यावर आला. कधी भरून देता, असं त्यानं नेमसिंगला विचारलं. नेमसिंगनं सावकाश, एकेक शब्द गोळा करत सांगितलं, "कारागीर घरात हाय. तिला इचारा."

अनुसयाबाईनं कणकेचे हात धुतले आणि मोटार बघायला बाहेर आली.